भोपळ्यातला डिसेंबर

ऑक्टोबर लागला की आमच्या गावाला दालचिनीचा वास सुटतो आणि मला मळमळायला लागतं. पूर्वी या महिन्यात इथं शेणाचा, धुराचा आणि झाडाखाली सडलेल्या सफरचंदांचा वास यायचा. तो काही अत्तर नव्हता, पण खरा तरी होता. आता पोस्टात दालचिनी, पेट्रोल पंपावर दालचिनी, चर्चच्या दारातल्या मेणबत्तीत दालचिनी. शहरातून येऊन इथं घरं घेतलेल्या बायका गळ्यात हातभर मफलर गुंडाळून, हातात कॉफीचे मोठाले मग धरून पानं बघत हिंडतात. पानं बघतात! अहो, व्हरमाँटची माणसं आम्ही. आम्ही पानं दंताळ्यानं ओढतो आणि गोठ्यात गुरांखाली टाकतो. बघत कोण बसतं?

हे मी एकदा डेलासमोर म्हटलं, तर ती खाटेवरून म्हणाली, "तू किती वर्षं ओढलीस गं?"

डेला म्हणजे माझी थोरली बहीण, आयडेला. टोमणा खरा होता, म्हणून जास्त झोंबला. मी अठराव्या वर्षी बस धरून जी गेले ती हार्टफर्डला एका विमा कंपनीत टाइपिंग करत म्हातारी झाले, आणि निवृत्त झाल्यावर परत आले. डेला कुठंच गेली नाही. तिनं आईवडिलांचं केलं, गाई सांभाळल्या, गुडघे गेल्यावर गाई विकल्या, मग सफरचंदांची बाग सांभाळली. आता ती एकोणऐंशीची आहे. हृदय थकलंय, पायात पाणी साठतं, आणि डोळ्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. पुढच्या खोलीत हॉस्पिटलची खाट आणून टाकलीय, तिथं ती पडून असते.

मधूनमधून नर्स येते. गेल्या खेपेला तिनं मला बाहेर ओसरीवर नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "एव्हिस, त्या पहिला बर्फ बघतील असं वाटत नाही." मी म्हटलं, "बघतील कशा? दिसत नाही तिला." तर बाई माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मीच डेलाचे डोळे फोडलेत. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की माझ्या तोंडून असंच काहीतरी बाहेर पडतं.

आम्हा दोघींची दुपारची एक करमणूक होती. पोस्टातल्या फळ्यावरची पत्रकं मी उचलून आणायची, नाटकी आवाजात डेलाला वाचून दाखवायची आणि मग दोघींनी मिळून यथेच्छ शिव्या घालायच्या. त्या दिवशीचं पत्रक केशरी कागदावर होतं, म्हणजे केंड्राचं. ही केंड्रा बोस्टनहून आली, आमच्या जुन्या मास्तरांचं घर घेतलं, त्याला पांढराशुभ्र रंग दिला आणि वर्षभरात चर्चच्या झाडून सगळ्या समित्या ताब्यात घेतल्या. स्वभावानं वाईट नाही. वाईट असती तर भांडायला सोपं गेलं असतं.

"'जुन्या, निर्मळ कादंबऱ्या पुन्हा वाचू या!'" मी गळा काढून सुरुवात केली. "'ऋतूंचे साधेसुधे आनंद पुन्हा जगू या! येत्या शनिवारी चर्चच्या दालनात शरदाचा मेळा. सफरचंदाचं गरमागरम सायडर...'"

"सायडर कुठून आणतायत? आपल्याकडे तर कुणी आलं नाही," डेला म्हणाली.

"सुपरमार्केटातून, बाटलीतलं. गावभर सफरचंदं सडतायत आणि या बाटल्या विकत आणतायत. शी! ऐक पुढं. 'विशेष आकर्षण: आपल्याच चर्चच्या माळ्यावर सापडलेला, काळाच्या पडद्याआड गेलेला खजिना, टॅन्सीचे बारा महिने...'"

पहिली शिवी घालायला मी तोंड उघडलं, पण डेला हसत नव्हती. ती कोपरावर जोर देऊन उठायला बघत होती. गेल्या महिनाभरात ती आपणहून उठली नव्हती.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "ते नाव पुन्हा वाच."

ते पुस्तक मलाही अर्धवट आठवत होतं. आमच्या लहानपणी जो पाद्री होता त्याची बायको, मिसेस लॅथ्रॉप, तिनं ते लिहिलं होतं. टॅन्सी नावाची पोरकी मुलगी डोंगरातल्या चुलत्याच्या शेतावर राहायला येते आणि मग बारा महिन्यांची बारा प्रकरणं. मार्चात मेपलचा पाक, जूनमध्ये स्ट्रॉबेऱ्या, ऑक्टोबरात सफरचंदं. जो तो सद्गुणी. चुलता तेवढा खडूस असतो, तर तोही मे महिन्यात सद्गुणी होतो. आमच्याकडे दर महिन्याला चर्चमध्ये गावजेवण असायचं. त्या वर्षी मिसेस लॅथ्रॉपनं असा नेम धरला की जेवणं झाली की स्वतः उभं राहून त्या त्या महिन्याचं प्रकरण वाचायचं. पुस्तकं तिनं पदरमोड करून छापून आणली होती, पण खोकं बंद ठेवलं. म्हणाली, डिसेंबरचं वाचन झाल्याशिवाय कुणाला एक प्रत मिळणार नाही, नाहीतर तुम्ही शेवट आधीच वाचून टाकाल.

गावाला त्या शेवटाचं सोयरसुतक नव्हतं. लोक कोंबडीसाठी यायचे, आणि वाचन सुरू झालं की पेंगायचे. सोळा वर्षांची डेला तेवढी पुढच्या बाकावर कान टवकारून बसायची. मी दहाची, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून जायची.

डिसेंबरात असं वादळ आलं की रस्ते बुजले आणि गावजेवण रद्द झालं. वसंतात पाद्री बायकोला घेऊन कॅलिफोर्नियाला गेला, तिकडे म्हणे परसात संत्री लागतात. ऋतूंचे साधे आनंद सगळे आमच्या बोडक्यावर ठेवून बाई उन्हात जाऊन बसली. खोकं माळ्यावर राहिलं. शेवट कुणालाच कळला नाही, आणि कुणी विचारलाही नाही.

"म्हणजे आहे ते अजून," डेला म्हणाली. "आण, एव्हिस. डिसेंबर मला वाचून दाखव."

"त्या गुळमट पुस्तकातलं? अगं मी न वाचता सांगते. ती राहते, सगळे चुलीपुढं बसून गाणी म्हणतात, बाहेर बर्फ पडतो. संपलं."

"नोव्हेंबरात तिला शहरातून बोलावणं आलं होतं. गाण्याच्या शाळेचं. आणि चुलता आजारी पडला होता. मिसेस लॅथ्रॉपनं तिथंच पुस्तक मिटलं होतं." डेलाला धाप लागली, ती थोडी थांबली. "त्याच महिन्यात बाबा पडले."

हे मला काही नवीन नव्हतं. आमचे वडील गवताच्या माळ्यावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. डेलाला शिक्षिकांच्या शाळेत जागा मिळाली होती, जानेवारीत जायचं होतं, ती जागा तिला सोडून द्यावी लागली. घरात हे कायम असंच सांगितलं जायचं, सोडून द्यावी लागली.

"लागली नाही," डेला म्हणाली. "मामा येऊन राहायला तयार होता. आई म्हणाली होती, तू जा. ठरवायचं मलाच होतं. मला काही सुचेना, तेव्हा मी मनात म्हटलं, टॅन्सी काय करील? टॅन्सी राहील. इतकी गुणाची पोर, ती कशी जाईल? म्हणून मी राहिले. पण तेव्हापासून मनात आहे गं, समजा ती गेली असेल तर? मला तेवढं कळू दे. बरोबर केलं की चुकलं, एवढं कळू दे. मग खुशाल डोळे मिटते."

तुम्हाला वाटेल मला तिची दया आली. दया नाही आली, किळस आली. माझ्या बहिणीच्या सबंध आयुष्याखाली त्या बाईचं पाकात बुडवलेलं पुस्तक होतं! मला वाटायचं ती बाबांसाठी राहिली, आईसाठी राहिली, थोडीफार माझ्यासाठी राहिली. आणि ही म्हणते, टॅन्सीसाठी. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पण हलवण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं, म्हणून मी कोट अडकवला आणि ट्रक काढला.

चर्चच्या दालनात पाऊल ठेवलं आणि दालचिनीचा लोट अंगावर आला. लांब टेबलांभोवती केंड्राच्या वाचनमंडळातल्या बायका बसल्या होत्या. भिंतीवर लाकडी पाट्या होत्या. 'कृतज्ञ राहा.' 'थोडक्यात गोडी.' मुद्दाम घासून जुनाट केलेल्या पाट्या. आमच्या घरी जुन्या वस्तू नव्या दिसाव्यात म्हणून आई रंग देऊन देऊन मेली, आणि या नव्यांना घासून जुन्या करतात.

"अय्या, एव्हिस! तुम्ही!" केंड्रानं मला मिठीच मारली. "किती दिवस म्हणतेय, या आमच्या मंडळात. तुम्ही तर चालताबोलता इतिहास!"

"मला ते माळ्यावरचं पुस्तक हवंय. टॅन्सीचं. एक प्रत दे."

"हे काय, घ्या ना!" तिनं कौतुकानं टेबलाकडे हात केला.

टेबलावर भोपळे होते. मला आधी कळेचना मी काय बघतेय. पुस्तकांचे पुठ्ठे फाडून काढले होते. पानांची बाहेरची कड करवतीनं अर्धगोल कापली होती, मग पानं कण्याभोवती पंख्यासारखी फिरवून पहिलं पान शेवटच्या पानाला डिंकानं चिकटवून टाकलं होतं. असा गोल, पाकळ्यापाकळ्यांचा कागदी भोपळा. कडेला केशरी रंगाचा फवारा, वर देठ म्हणून काटकी, आणि सगळ्यावर दालचिनीचं तेल. बायका खिदळत होत्या आणि देठांना वाळक्या गवताच्या गाठी बांधत होत्या.

"ब्रेंटनं कापली," केंड्रा म्हणाली. ब्रेंट हा तिचा नवरा. "पट्ट्याच्या करवतीवर. एकावर एक रचून, एका दमात!"

"सगळी?"

"सगळी! पुठ्ठ्यांना बुरशी आली होती हो, उंदरांनी कुरतडलं होतं. अशी पुस्तकं कोण हातात धरतंय? पण असं केलं की त्यांना नवं आयुष्य मिळतं."

"तुमचं वाचनमंडळ आहे ना?"

"आहे की! पहिलं पान आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं. कसलं गोड आहे! मला तर भरूनच आलं. बाकीचं हिवाळ्यात वाचायचं ठरवलं होतं, पण मेळ्याच्या सजावटीला भोपळे कमी पडत होते."

"शेवट कुणी वाचलाय?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "गोडच असेल ना?" त्यांतली एक म्हणाली. "जुन्या पुस्तकांचं तेच तर छान असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "केंड्रा," मी म्हटलं, "गाय कापणारा माणूस मला चालतो. निदान तो ती खातो तरी."

केंड्राचा चेहरा पडला. "आम्ही दोघं मांस नाही खात, एव्हिस," ती म्हणाली.

पालथ्या घड्यावर पाणी. मी दोन भोपळे उचलून काखेत मारले. केंड्रा मागून दारापर्यंत आली. तिला वाईट वाटलं होतं पण कशाचं ते समजत नव्हतं. "एक लहान पण घेऊन जा ना," ती म्हणाली, "तीन असले की जास्त छान दिसतात." मी ट्रकचं दार आपटलं.

घरी पोचले तर डेला दाराकडे तोंड करून बसली होती. उशा तिनं स्वतः रचल्या होत्या.

"मिळालं?"

"मिळालं. जरासं कापलेलं आहे."

"कापलेलं म्हणजे?"

"भोपळा केलाय त्याचा."

मी एक भोपळा तिच्या हातात दिला. तिनं तो चाचपला, पाकळ्यांवरून अंगठा फिरवला, काटकी ओढून बघितली, मग नाकाशी नेला आणि शिंकली. शिंकून झाल्यावर ती हसायला लागली. खोकला लागेपर्यंत हसली. "अगं बाई!" ती म्हणाली. "मिसेस लॅथ्रॉपला फार आवडलं असतं हे."

मी भोपळे स्वयंपाकघरात नेले आणि दार लोटून घेतलं. डिसेंबर म्हणजे शेवटचं प्रकरण, आणि शेवटचंच पान पहिल्याला डिंकानं घट्ट बसलेलं. किटली ठेवली, वाफेवर भोपळा धरला आणि जेवणाच्या सुरीनं एकेक पान सोडवत बसले. डिंकाचा चिकट लगदा झाला, केशरी रंग वितळून मनगटापर्यंत ओघळला, आणि वाफेबरोबर त्या दालचिनीच्या तेलाचा असा भपकारा उठला की दोनदा मला मोरीशी जाऊन ओकाऱ्या काढाव्या लागल्या. खिडकीबाहेर पडलेल्या सफरचंदांवर गांधीलमाश्या घोंघावत होत्या. ती मला सकाळीच वेचायची होती, रस काढायचा होता. हाच तो ऋतूचा साधा आनंद. वाकून वाकून पाठ मोडते, बोटाला माशी चावते, आणि चोथ्याचा आंबूस वास केसांतून आठवडाभर जात नाही.

पानं सुटली. बाहेरची कड अर्धगोल कापल्यामुळे पानाच्या मधल्या ओळी जवळजवळ अख्ख्या होत्या, वर आणि खाली नुसते तुकडे उरले होते. दुसऱ्या भोपळ्यातून काही मिळेल म्हणून तोही सोडवला. पण ब्रेंटनं एकावर एक रचून कापलेली, तो तंतोतंत तसाच. मी ओट्याशी उभी राहूनच वाचायला लागले.

सकाळ होते. टॅन्सी पेटी बांधते. चुलता काठी टेकत दारापर्यंत येतो, ती त्याच्या कपाळाचं चुंबन घेते आणि... तिथं कापलेलं. पुढच्या पानावर स्टेशन, धूर, रुमाल. गाडी शिट्टी देते. डोंगर मागं सरकायला लागतात.

गेली. कारटी गेली!

मी खुर्चीवर बसले. माझे हात केशरी झाले होते. अकरा महिने त्या बाईनं मेपलचा पाक आणि स्ट्रॉबेऱ्या आणि आपुलकी आणि समाधान यांचे घाणे घातले, मातीत किती सुख आहे ते माझ्या बहिणीच्या कानात ओतलं, आणि बाराव्या महिन्यात पोरगी पेटी उचलून चालू लागली. मला मिसेस लॅथ्रॉपची शिसारी आली. टॅन्सीची आली, केंड्राची आली. आणि शिसारी येऊन काय उपयोग, आतल्या खोलीत डेला वाट बघत होती.

मी जन्मात कुणाशी गोड खोटं बोललेली नाही. त्यात काही मोठेपणा नाही, ते मला जमतच नाही एवढंच. पण त्या दिवशी मी ठरवलं की बोलायचं. तिच्याजवळ उरले होते ते थोडेसे दिवस, तेवढ्यात तिनं काय चुकलं त्याचा हिशेब कशाला मांडावा? तिला दिसत तर नाही. मी ओली पानं ताटात ठेवली, तिच्या खाटेशी खुर्ची ओढली आणि घसा साफ केला.

"'आणि टॅन्सीनं ते पत्र चुलीत टाकलं,'" मी वाचलं. "'ती म्हणाली, काका, जगातलं सगळं सुख या डोंगराच्या कुशीत आहे, मला आणखी काय हवंय...'"

"थांब," डेला म्हणाली.

"का?"

"तुला गोड बोलता येत नाही, एव्हिस. मिसेस लॅथ्रॉपला येत होतं. तुझं ऐकून वाटतं कुणी व्हिनेगरमध्ये साखर ढवळतंय. नीट वाच. लिहिलंय ते वाच."

"डेला, अगं..."

"वाच म्हटलं ना."

मग मी वाचलं. कापलेल्या जागी थांबत, "इथं नाही", "इथं गेलंय" असं सांगत, सगळं वाचलं. पेटी, काठी, रुमाल, शिट्टी. मागं सरकणारे डोंगर. मी डेलाकडे बघायचं टाळलं. मीच सुरू झाले. "भोपळाच करायच्या लायकीचं होतं हे! ब्रेंटनं चांगलं केलं. मी आत्ता चुलीत घालते. त्या बाईला लाज वाटायला हवी होती, दुसऱ्याच्या पोरींना..."

डेलानं हात वर केला. "शेवटची ओळ काय आहे?"

"आता काय करायचीय शेवटची ओळ?"

"वाच."

मी ताटातलं शेवटचं पान उचललं. "'तिनं मांडीवरची टोपली उघडली. फडक्यात गुंडाळलेला सफरचंदाचा केक अजून ऊबदार होता, आणि तिला वाटलं...' पुढं कापलंय. काहीतरी फालतू वाटलं असेल."

डेला डोळे मिटून पडली होती. डोळे न उघडताच तिनं विचारलं, "केक कुणी भाजला?"

"काय?"

"सकाळपासून टॅन्सी पेटी बांधतेय, रडतेय, निरोप घेतेय. चुलता काठीवर. घरात तिसरं माणूस नाही. मग केक कुणी भाजला?"

मी पानं पुन्हा चाळली. दुसऱ्या भोपळ्याची आणली, ती चाळली. "कापलेल्या भागात असेल," मी म्हटलं.

"कापलेल्या भागात नाही गं. तिनं लिहिलेलंच नाही." डेलानं मान माझ्याकडे वळवली. तिच्या आवाजात मला त्या दिवशी पहिल्यांदा राग ऐकू आला, चांगला खणखणीत राग. "त्या घरात कुणीतरी होतं, एव्हिस. बाराही महिने होतं. टॅन्सीनं मेपलचा पाक चाखला, तो आटवत कोण बसलं होतं? टॅन्सी सायडर प्यायली, सफरचंदं कुणी वेचली? शेण कुणी काढलं? ती बाई दर महिन्याला उभी राहून वाचायची, आणि त्या माणसाचं तिनं नावसुद्धा घेतलं नाही. आणि मी मूर्ख! इतकी वर्षं मी समजत होते की मी टॅन्सी आहे."

हार्टफर्डच्या बसमध्ये माझ्याही मांडीवर टोपली होती. ती कुणी भरली हे मला तेव्हाही माहीत होतं, पण कधी भरली हे मी विचारलं नव्हतं. मी डेलाचा हात धरला. माझ्या हाताचा केशरी रंग तिच्या हाताला लागला.

"रडतेस काय?" ती म्हणाली. "शेवट पुन्हा वाच."

मी पान डोळ्यांसमोर धरलं, धरायची काही गरज नव्हती. "'तिनं मांडीवरची टोपली उघडली. फडक्यात गुंडाळलेला सफरचंदाचा केक अजून ऊबदार होता,'" मी वाचलं आणि कापलेल्या जागी थांबले नाही. "'कारण आयडेलानं पहाटे उठून तो भाजला होता.'"

"पहाटे?" डेला म्हणाली. "पहाटे धारा कोण काढणार होतं, तू? आदल्या दिवशी भाजला. सकाळी चुलीच्या कडेला ठेवून गरम केला."

मी तसं वाचलं.